पिल्नामचं कडं

पिल्नाम या नावाचा अर्थ 'आता मुलगाच'. चार मुलींवर पाचवी हीच झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी वरच्याला पुन्हा एकदा आठवण करून द्यावी तसं हे नाव ठेवलं. आठवणीचा उपयोगही झाला. दोन वर्षांनी भाऊ झाला. तिला मात्र जन्मभर भावाच्या वाट्याची हाक सांभाळावी लागली. फार नाही सांभाळावी लागली म्हणा. लग्न होऊन ती दोल्गोलला आली आणि दोल्गोलच्या रीतीप्रमाणे सुनेला तिच्या माहेरच्या गावाचं नाव चिकटलं. मुर्याहून आली म्हणून मुर्यावाली. एकाहत्तराव्या वर्षीही ती मुर्यावालीच आहे, आणि मुर्यात तिला ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.

दोल्गोलमध्ये एकतीस घरं, आणि जवळजवळ प्रत्येक घराची वरच्या पाइनच्या जंगलात एक जागा. भाद्रपद सरता सरता रात्री गार होऊ लागतात, एखादा पाऊस येऊन जातो, आणि त्या जागी जमीन फुगते. पाइनची वाळलेली पानं उचलून अळंबी वर येते. तिच्या वासासाठी लोक राजधानीहून गाड्या काढून येतात. जागा कुणी कुणाला सांगत नाही. नवरा बायकोला सांगत नाही, भाऊ भावाला सांगत नाही. शेवटच्या आजारात कानात सांगतात, आणि काही जण कान जवळ येण्याआधीच जातात. डोंगरावर अशा कितीतरी जागा असतील, ज्यांना आता फक्त झाडं ओळखतात.

पिल्नामच्या सासऱ्यांनी आपली जागा मुलाला दिली नाही, सुनेला दिली. याचं कारण साऱ्या गावाला पटण्यासारखं होतं. मुलगा जोंग-मान स्वभावाने सोनं, पण भाताच्या दारूचे दोन कटोरे पोटात गेले की ठाऊक नसलेल्या गोष्टीही सांगून मोकळा व्हायचा.

"सुनबाई, तुझं तोंड बरं आहे," सासरे म्हणाले होते. "जेवताना उघडतं आणि मग मिटतं."

ते तिला वर घेऊन गेले ते हंगामात नाही. अळंबी संपून महिना झाला होता, थंडी पडली होती. त्यांच्या घरची रीत तशी होती. जागा द्यायची ती तिथे घेण्यासारखं काही नसताना. एका वाकड्या पाइनपाशी त्यांनी तिला गुडघ्यांवर बसवलं.

"हात घाल."

तिने पानांखाली हात घातला. ओल अपेक्षित होती, तर हाताला कोरडं, गार, भुसभुशीत काहीतरी लागलं. मूठ बाहेर काढली तर माती पांढरट होती, आणि तिला राळेचा, दालचिनीचा, ओल्या लाकडाचा, असा एकात एक मिसळलेला वास.

"राख आहे का?"

"राख मेलेली असते. हे जिवंत आहे. अळंबीचं घर हेच. वर येतं ते नुसतं फळ." सासऱ्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली, तेव्हा तिच्यात कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे दिसले. "या खडकात झाडाला खायला काय मिळणार? ही त्याच्या मुळांना मोज्यासारखी चढून बसते. खडकातलं पाणी ओढते, मीठ ओढते, झाडाला देते. झाड वर उन्हात गोड शिजवतं आणि त्यातलं हिला खाली पाठवतं. कोण कुणाला पोसतं ते मला विचारू नकोस. साठ वर्षं बघतोय, मला कळलेलं नाही."

मग ते उठले आणि झाडाभोवती गोल फिरून आले. ही पांढरी माती झाडाच्या बुंध्याशी नसते, बुंध्याभोवती कड्यासारखी असते, आणि ते कडं दर वर्षी बाहेरच्या बाजूला सरकतं. किती? सात बोटं. चांगल्या पावसाचं साल असेल तर आठ. आतल्या बाजूची माती सोडून देतं, बाहेरची नवी धरतं.

पिल्नामला ही गोष्ट फार आवडली. जी जागा कुणाला सांगायची नाही, ती एका जागी राहतच नाही.

पण आवडणं वेगळं आणि कळणं वेगळं. पुढच्या वसंतात, सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून, तिने गोठ्यामागचं कुजलेलं खत तीन टोपल्या भरून गुपचूप वर नेलं आणि वाकड्या पाइनच्या एका अंगाला पसरलं. शेतकऱ्याची लेक ती. उपाशी झाड ऐकलं की हात खताकडेच जाणार. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना, कोबीची किमची तोडत, ते म्हणाले, "तू त्या झाडाला श्रीमंत केलंस. आता त्याला कुणाची गरज आहे?"

ती त्याच दुपारी वर गेली आणि हातांनी सगळं खत खरवडून परत टोपलीत भरलं. तरी त्या अंगाला अकरा वर्षं अळंबी आली नाही. बाराव्या वर्षी दोन आल्या, तेव्हा सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने त्या दोन्ही त्यांच्या फोटोपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "झालं बाबा, झाड पुन्हा गरीब झालं."

सासऱ्यांची बाकीची शिकवण तिने अक्षरशः पाळली. जमिनीला लोखंड लावायचं नाही, ओकच्या काठीने उचकटायचं. खड्डा बुजवून तान्ह्या पोराला थोपटावं तसा थोपटायचा. छत्री उघडलेली एक तरी अळंबी तिथेच म्हातारी होऊ द्यायची. आणि थंडीत दाताळ्याने पानं झाडून न्यायची, दोन बोटांचा थर ठेवून. पूर्वी हे काम अख्खा गाव नकळत करायचा. थंडीत घराची जमीन खालून तापवायची तर चुलीत पाइनची पानंच जायची, त्यामुळे डोंगर विंचरल्यासारखा स्वच्छ असायचा. मग बॉयलर आले. पानं पडून राहू लागली, कुजू लागली, डोंगर सुस्तावला, आणि कितीतरी घरांच्या जागा त्या जाड पांघरुणाखाली गुदमरून गेल्या. पिल्नामच्या घरीही बॉयलर आला, पण ती पानं झाडतच राहिली. आणलेली पानं लसणाच्या वाफ्यावर पसरायची. लोकांना वाटायचं, मुर्यावालीला लसणाचं वेड आहे.

तिने स्वतःची म्हणून एकच गोष्ट त्यात घातली. दर वर्षी ओढ्यातून एक खडा न्यायची आणि कड्याच्या त्या सालच्या कडेला, पानांखाली ठेवायची. झाडापासून बाहेर, एका ओळीत, सात-सात बोटांवर, चाळीस खडे झाले होते. त्या ओळीत तिचं सगळं होतं. मुलगी झाली तो खडा, जोंग-मान गेला तो खडा. बाहेरच्या माणसाला ते नुसते खडे.

या वर्षी एक्केचाळिसावा ठेवायचा होता, आणि तो तिचा शेवटचा असणार होता. उजवा गुडघा गेला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या अखेरीची तारीख दिली आणि वर सांगितलं, "आजी, नवा गुडघा पायऱ्यांसाठी आहे, डोंगरासाठी नाही." तेव्हा जागा द्यायला हवी होती, आणि द्यायची तर मी-ह्यांगलाच. मी-ह्यांग तिची एकुलती एक मुलगी, आंदोंगला केस कापायचं दुकान चालवते, बोलते कात्रीच्या वेगाने.

"आई, त्यासाठी मी यायला कशाला हवं?" ती फोनवर म्हणाली. "तू तिथे उभी राहा आणि फोनवरून जागा पाठव. बोटाने दाबलं की झालं."

"जागा म्हणजे काय पार्सल आहे?"

"मग फोटो काढ."

"फोटोत काय दिसणार? पानं."

"तेही खरंच. बरं, येते. मंगळवारी दुकान बंद असतं. पण हंगामात बोलव ना, निदान खायला तरी मिळेल."

"हंगाम संपला की ये. दाताळं आणते तुझ्यासाठी."

"वा. लेकीला आहेर."

हे बोलणं झालं त्याच आठवड्यात घोटाळा झाला. सप्टेंबरच्या शेवटी पिल्नाम नेहमीप्रमाणे उजाडायच्या आधी वर गेली. कडं तीन बाजूंनी भरलं होतं. चौथ्या, वरच्या बाजूला, जिथे डोंगराची धार आहे आणि धारेवर बैलाच्या पाठीसारखा खडक आणि अझेलियाची दाट झुडपं, तिथे काहीच नव्हतं. गेल्या वर्षी तिथे सहा होत्या. यंदा दोन वाव लांब जमीन रिकामी. तिने तळहात फिरवून पाहिला, कुठे फुगवटा नाही, उचकटल्याची खूणही नाही. सफाईदार काम होतं. चोर जाणता होता.

ती तिथेच बसून राहिली. सहा अळंब्यांचं दुःख नव्हतं. पण चोराला ठाऊक झालेली जागा ती मुलीला कशी देणार? ते देणं म्हणजे भोक पडलेलं भांडं लेकीच्या हातात ठेवणं. आधी चोर सापडायला हवा होता, आणि दिवस थोडे होते.

दुसऱ्या दिवशी ती चुनयांगच्या बाजारात लिलावाच्या शेडमध्ये गेली तेव्हा क्वोन दल-सु आधीच येऊन बसला होता. दल-सु धारेच्या पलीकडच्या गावचा. जोंग-मानचा मित्र, त्यामुळे तिला वहिनी म्हणायचा. वय चौऱ्याहत्तर, बायको वारलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की कामं आठवायची. गेली तीस वर्षं या शेडमध्ये सगळ्यात चांगली टोपली कुणाची, हा प्रश्न या दोघांतच सुटत आला होता.

"वहिनी, टोपली हलकी दिसते. की माझ्या डोळ्यांना आता सगळं हलकंच दिसतं?"

"तुमच्या डोळ्यांचं काय सांगता भावोजी. परवा तुम्ही सरपंचाला मावशी म्हणालात."

"मागून म्हणालो. मागून तो मावशीच आहे."

तिने त्याच्या टोपलीत वाकून पाहिलं. फर्नच्या पानांवर नीट मांडलेल्या, पण नेहमीपेक्षा कमी.

"तुमच्याकडेही यंदा बेताचंच दिसतंय."

"ऊन फार झालं," दल-सु म्हणाला आणि मग सहज विचारल्यासारखं, "डोंगरावर चोर फिरतायत म्हणे. शहरातले. तुमच्याकडे काही गेलं का?"

"छे. तुमच्याकडे?"

"छे."

दोघं थोडा वेळ समोरच्या कोबीच्या गाडीकडे बघत राहिले.

घरी येऊन पिल्नामने विचार केला. ती पहाटे जाते, म्हणजे चोर नंतर येत असणार. तिने पुढच्या पहाटे त्या रिकाम्या जागेवरची पानं बोटांनी विंचरली, एकूण एक पान टोक वर करून. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पानं विस्कटली होती. चोर येत होता, हात फिरवून जात होता. आणि त्या दिवशी परतताना झुडपात तिच्या पोटरीला काहीतरी लागून तुटलं. शिवणाचा काळा दोरा, दोन फांद्यांना गुडघ्याखाली बांधलेला. चोराने जागेला खूण करून ठेवली होती. म्हणजे तो इथे कायमचा येणार होता.

मग तिने ठरवलं की आता दिवसभर बसायचं. शनिवारी पहाटे ती दोन दिवस पुरेल एवढी शिदोरी घेऊन निघाली. सरळ वाटेने नाही, कारण सरळ वाटेने ती चाळीस वर्षांत कधी गेलीच नव्हती. आधी ओढ्याकडे, मुळे धुवायला निघाल्यासारखी मुळ्यांची टोपली हातात घेऊन, मग स्मशानाच्या मागून, मग वर. गुडघा प्रत्येक पावलाला काहीतरी बोलत होता. खडकाच्या अलीकडच्या अंगाला, झुडपात, तिने पोतं टाकलं आणि बसली.

सूर्य वर आला. एक खार येऊन तिच्याकडे बघून गेली. झाडांच्या शेंड्यांत वारा होता, खाली नव्हता. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं इथे आलो, पण इथे अशी नुसती बसलो कधीच नाही. यायचं, घ्यायचं, झाकायचं, पळायचं. आता चोराच्या कृपेने बसायला मिळालं. आपल्या बुडाखाली या घटकेला काय काय चाललं असेल? कुठलं मूळ कुणाला काय देत असेल, किती हळू, कसलाही आवाज न करता. एवढी मोठी देवघेव आणि पानसुद्धा हलत नाही.

अकराच्या सुमाराला तिच्या जाकिटातल्या फोनवर मी-ह्यांगने भरून दिलेलं गाणं वाजू लागलं. जत्रेत वाजतं तसलं, ढोल-पिपाणीचं. तिने घाईघाईने खिसे चाचपले.

"सापडला," असा एक भसाडा आवाज खडकाच्या पलीकडून आला, आणि झुडपातून हातात काठी उगारलेला माणूस उभा राहिला. उभी तीही राहिली, ओकची काठी धरून.

"भावोजी?"

"वहिनी?"

फोन गातच होता.

"आधी ते बंद करा," दल-सु म्हणाला. "अख्ख्या खोऱ्याला जागा कळेल."

तिने फोन बंद केला. मग ती बोलली ते सावकाश. "माझ्या नवऱ्याच्या ताटाला ताट लावून जेवलात. त्याच्या मर्तिकाला तीन दिवस दारात बसलात. आणि माझ्या सहा अळंब्या?"

"तुमच्या सहा? माझ्या पाच गेल्या इथून. वर माझा दोरा तोडलात."

"तो दोरा तुमचा?"

"नाहीतर काय खारीचा? आणि ती पानं विंचरून ठेवली होती, ती कुणी? मी म्हटलं हा कुठला चोर, जाताना वेणी घालून जातो."

"तुम्ही इथे येता कधी?"

"दुपारी. सगळे जेवत असतात तेव्हा. तुम्ही?"

"पहाटे."

"किती वर्षं?"

"चाळीस."

दल-सुने काठी खाली केली. "मी सेहेचाळीस," तो म्हणाला, आणि खडकाला टेकून बसला. "बाबांनी दिली. पलीकडे एक जुळा पाइन आहे, त्याच्याभोवती."

"माझा वाकडा. इकडे खाली."

खडक, झुडपं आणि येण्याच्या दोन वेगळ्या वेळा, एवढ्या आडोशावर दोघांनी आयुष्य काढलं होतं. पण मग अळंब्या गेल्या कुठे? पिल्नाम ढोपरांवर बसली, दुखतंय हे विसरून, आणि आपल्या बाजूने पानांखाली हात सरकवत नेला. कोरडी, पांढरी. कोरडी, पांढरी. मग एकदम ओली, मऊ, कुठल्याही शेतात असते तशी तपकिरी माती, हातभर रुंद. मग पुन्हा कोरडी, पांढरी. इथे तिचा हात दल-सुच्या हाताला लागला. तो पलीकडून तसाच सरकवत आला होता.

दोघांनी हात बाहेर काढून वास घेतला. वास एकच.

"बाबा म्हणायचे," दल-सु म्हणाला, "दोन कडी भिडली की भिडल्या जागी काही येत नाही, दोन्ही तेवढ्यापुरती विझतात. मला वाटायचं म्हातारा उगाच सांगतोय. भिडायला दुसरं कडं येणार कुठून, या अंगाला आमच्याशिवाय आहे कोण?"

पिल्नाम हसायला लागली. आधी नुसती खांद्यांतून, मग मोठ्याने. हसता हसता तिने गुडघा धरला आणि ती पोत्यावर कलंडली. दोन माणसं एकमेकांपासून जागा लपवण्यात म्हातारी झाली, आणि जागा मात्र सगळा काळ एकमेकींकडे चालत येत होत्या. वर्षाला सात बोटं.

"हसा," दल-सु म्हणाला. "मी तीन रात्री झोपलो नाही. शहरातल्या चोराला काय काय शिव्या द्यायच्या ते पाठ केलं होतं."

"द्या मला. वाया कशाला घालवता."

मग शिदोऱ्या सुटल्या. तिने सकाळी खालच्या अंगाला मिळालेली एक अळंबी हाताने उभी चिरली, सुरी लावली नाही, आणि तिळाच्या तेलात मीठ कालवून पुढे ठेवली. त्याच्याकडे मक्याची कणसं होती आणि बाटलीत दारू. दल-सुने घास घेण्याआधी डोळे मिटले.

"खरं सांगू वहिनी? मला आता दिसतच नाही. गेली दोन वर्षं नाकाने शोधतोय. वाऱ्याचा दिवस असला की रिकाम्या हाताने घरी."

"मला चढवत नाही. नोव्हेंबरात गुडघा बदलतायत."

"म्हणजे दोघांचं मिळून एक धड माणूस होतं."

"तेही चौऱ्याहत्तर वर्षांचं." तिने विचारलं, "तुमचा योंग-बे?"

"जहाजाच्या कारखान्यात आहे. विचारलं होतं. म्हणाला, बाबा, मला हवी तेव्हा विकत आणेन." दल-सु कणीस फिरवत राहिला. "तुम्ही कुणाला देणार?"

"मुलीला."

"मुलीला? ती परक्या घरची झाली."

"मी कुठल्या घरची होते?"

दल-सुने कणसाचा घास चावून संपवला, मग म्हणाला, "केस कापणारी ना ती?"

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी-ह्यांग आली. हातात दुकानातले रबरी पातळ हातमोजे, पायात शहरी बूट. आईने तिला ओढ्याकडून, स्मशानामागून, असं फिरवत वर आणलं.

"आई, खालून सरळ वाट दिसत होती."

"दिसू दे."

"तुझा गुडघा—"

"गुडघ्याला ही वाट पाठ आहे."

वाकड्या पाइनपाशी पिल्नामने तिला ढोपरांवर बसवलं. "मोजे काढ. हात घाल."

मी-ह्यांगने हात घातला आणि तिची बडबड थांबली. पिल्नामने तिला सासऱ्यांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, मोज्यांचं, मिठाचं, गोडाचं. खताच्या तीन टोपल्यांचंही सांगितलं, कारण तीही आता वारशातच होती. शेवटी हातात दाताळं दिलं.

"जोराने नाही. वरची पानं तेवढी. खालच्या कातडीला ओरखडा जाता कामा नये."

"आई, रोज वीस डोकी विंचरते मी," मी-ह्यांग म्हणाली.

आणि तिने विंचरायला घेतलं. पिल्नाम पाहत राहिली. चाळीस वर्षांत तिला स्वतःला असं जमलं नव्हतं. मनगट सैल, दाताळ्याचे दात पानांत नुसते बुडायचे आणि वर यायचे, गुंता आला तिथे थांबायचे, खालून सोडवून पुढे जायचे. मागे दोन बोटांचा सारखा थर राहत होता. धारेवरच्या झुडपांपर्यंत ती पोचली तेव्हा खडकामागून खोकला आला.

"अगं बाई. काका, तुम्ही इथे काय करताय?"

"उन्हात बसलोय," दल-सु म्हणाला. त्याच्या मांडीवर त्याचंही दाताळं होतं, आणि त्याच्या बाजूची पानं तशीच घोट्याइतकी पडून होती. ज्याला पान आणि माती यांतला फरक दिसत नाही, त्याने झाडायचं कसं? तो थोडा वेळ आवाजाच्या दिशेने मान वळवून ऐकत राहिला. सर्र, सर्र, थांबणं, पुन्हा सर्र.

"वहिनी, हात बरा आहे हिचा."

"माहीत आहे मला."

त्याने दाताळं बाजूला ठेवलं. सेहेचाळीस वर्षं ज्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, तो माणूस घसा साफ करून मी-ह्यांगला म्हणाला, "तिथे कशाला थांबतेस? पुढे ये. तो जुळा पाइन दिसतो का? त्याच्याभोवतीही थोडं विंचर. अर्धं डोकं करून गिऱ्हाईक उठवतेस का दुकानातून?"

मी-ह्यांगने आईकडे पाहिलं. पिल्नामने मान हलवली.

दुपारपर्यंत दोन्ही कडी झाडून झाली. दोघं म्हातारे खडकावर बसून दोन बाजूंनी हुकूम सोडत होते, जास्त झालं, कमी झालं, तिथे नको, तिथेच हवं, आणि मी-ह्यांग दोघांनाही "हो हो" म्हणत स्वतःच्या मनाचं करत होती. शेवटी पिल्नामने खिशातून ओढ्यातला खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि खड्यांची ओळ दाखवली.

"शेवटच्या खड्यापासून सात बोटं मोज."

मी-ह्यांगने आधी सवयीने फोन काढला, जागेची खूण साठवायला. मग त्या ओळीकडे पाहिलं, झाडापासून निघून इथवर आलेल्या. फोन खिशात गेला. तिने बोटं मोजली. तिची बोटं आईपेक्षा बारीक, म्हणून एक जास्त धरलं, आणि खडा पानांखाली सारून वरून थोपटलं. कसं थोपटायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निघायची वेळ झाली. पानांची पोती मी-ह्यांगच्या पाठीवर बांधली. दल-सु उठला, काठी चाचपली, आणि खाली आपल्या गावाकडे जाणारी सरळ पायवाट सोडून उलट्या दिशेला, खैरासारख्या काटेरी झुडपांतून वळसा घेत निघाला.

"काका, वाट इकडे आहे," मी-ह्यांग ओरडली.

"माहीत आहे," तो न वळता म्हणाला. "कुणी पाहिलं तर?"

"आता कोण पाहणार? आपण तिघंच तर—" ती आईकडे वळली. पण पिल्नाम मुळ्यांची रिकामी टोपली हातात घेऊन, गुडघा सावरत, स्मशानामागच्या लांब वाटेला केव्हाच लागली होती.